धानाच्या तुसाची राख आणि दूरचा सूक्ष्मदर्शक

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राईस मिलमध्ये धानाच्या तुसाची राख ढिगाने पडते. तिच्यात सिलिका भरपूर, म्हणून मटेरियल सायन्सच्या विद्यार्थ्यासाठी हा हाताशी असलेला विषय. मात्र तिचे कण दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या कॉलेजात नसतो. त्याला निर्वात पोकळी, स्थिर वीज, न हादरणारी जमीन आणि जाणता ऑपरेटर लागतो. म्हणून यंत्र शहरात राहिले आणि विद्यार्थी सॅम्पलची डबी घेऊन एसटीने नागपूरला जात राहिला.

महागडी यंत्रे सर्वांना वापरता यावीत ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 1970च्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रे सुरू केली, त्यांतले एक नागपूर विद्यापीठात आले. यंत्र वाटून घेतले गेले, पण अंतर तसेच राहिले.

अंतराचा प्रश्न आधी अमेरिकेत सुटू लागला. सूक्ष्मदर्शक संगणकावरून चालू लागले, तेव्हा ऑपरेटर तसाही पडद्यासमोरच बसत होता. पडदा शेजारच्या खोलीत असो की दुसऱ्या शहरात, आज्ञा त्याच. 1992 मध्ये शिकागोच्या एका परिषदेतून सॅन डिएगोतला उच्च-व्होल्टेज सूक्ष्मदर्शक चालवून दाखवला गेला. पुढे अरगॉन, ओक रिज यांसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी मटेरियल संशोधनासाठी आपली यंत्रे जाळ्यावर जोडली. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इलिनॉय विद्यापीठाचा 1999चा ‘बगस्कोप’. शाळेने किडे टपालाने पाठवायचे, तिथल्या माणसांनी ते यंत्रात बसवून आतली हवा काढून टाकायची, आणि मग वर्गातल्या मुलांनी ब्राउझरमधून स्वतः सूक्ष्मदर्शक फिरवायचा, तोही फुकट. यवतमाळच्या एखाद्या शाळेने गुलाबी बोंडअळी अशीच न्याहाळावी, असे तो प्रकल्प वाचताना वाटत राहते.

भारतात ‘व्हर्च्युअल लॅब’ हे नाव रुळले ते माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या 2009च्या राष्ट्रीय अभियानातून, आयआयटी दिल्लीच्या समन्वयाने. तिथे बहुतेक प्रयोग सिम्युलेशनचे, म्हणजे संगणकाने केलेल्या नकलेचे आहेत. प्रयोगाची रीत समजायला ते उत्तम. पण आपल्या राखेचा कण त्यात दिसणार नाही. जानेवारी 2020 मध्ये आय-स्टेम पोर्टल आले. कोणते यंत्र कुठे आहे ते शोधून वेळ आरक्षित करण्याची सोय झाली, आणि छोट्या कॉलेजांसाठी ती खरोखर मोठी आहे. पण वेळ आरक्षित झाली म्हणजे यंत्र आपल्या हातात आले असे नाही. पुष्कळदा सॅम्पल जाते, ऑपरेटर त्याला योग्य वाटतील त्या जागांचे फोटो काढतो आणि विद्यार्थ्याला फाइल मिळते. कुठे थांबायचे, कोणता कण मोठा करून पाहायचा, हा संशोधनाचा गाभाच त्याच्याकडून सुटतो.

हे बदलायला नवा शोध नको. सॅम्पल टपालानेच जाईल. तिकडे ते बसवणारा माणूस हवा, बाहेरच्या कॉलेजांसाठी राखून ठेवलेले तास हवेत, आणि कंट्रोल स्क्रीन दूरच्या विद्यार्थ्याला देण्याची उपकरण केंद्राची तयारी हवी.