गोलरक्षकाचा कार्यभार (आइस हॉकी)

व्यावसायिक आइस हॉकीत मुख्य गोलरक्षकाला हंगामातील किती आणि कोणते सामने खेळवायचे, कोणत्या सामन्यांत दुसऱ्याला उभे करायचे, याचे नियोजन. इतर खेळाडू पाऊण-एक मिनिटाला आळीपाळीने बदलतात. गोलरक्षक साठही मिनिटे बर्फावर असतो. त्यामुळे त्याचे श्रम मिनिटांत न मोजता सामन्यांत मोजण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगपुरती (एनएचएल) आहे.

आरंभीच्या काळात संघाबरोबर एकच गोलरक्षक असे, तेव्हा नियोजनाचा प्रश्नच नव्हता. 1928 च्या स्टॅन्ली करंडकाच्या (एनएचएलच्या विजेतेपदाच्या) अंतिम फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सचा लॉर्न शाबो डोळ्याला पक (खेळातील रबरी चकती) लागून जखमी झाला, तेव्हा 44 वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः गोलमध्ये उभे राहिले आणि संघ जिंकलाही. दोन गोलरक्षक सज्ज ठेवण्याची सक्ती स्थूलमानाने 1965 ची मानावी: ती आधी त्या वर्षीच्या बाद फेरीत आणि मग 1965-66 पासून साखळी सामन्यांतही लागू झाली. मात्र वाटणीची कल्पना नियमाच्या थोडी आधीची दिसते. 1964-65 मध्ये टोरांटोच्या टेरी सॉचकने 36 आणि जॉनी बोवरने 34 सामने खेळले व व्हेझिना करंडक (गोलरक्षकाचा पुरस्कार) दोघांत विभागून मिळाला.

ग्लेन हॉलचा विक्रम : अखंड खेळाचा मानदंड म्हणून डेट्रॉइट व शिकागोकडून खेळलेल्या हॉलचे नाव घेतले जाते, पण त्याचा आकडा 502, 503, 551 किंवा 552 असा वेगवेगळा आढळतो. हा घोळ मोजणीच्या पद्धतीतून आला आहे. 1955-56 ते 1961-62 या सात हंगामांत प्रत्येकी 70 सामने, म्हणजे 490. पुढच्या हंगामात 12 सामने पूर्ण खेळल्यावर 7 नोव्हेंबर 1962 रोजी बॉस्टनविरुद्ध पाठदुखीमुळे त्याने मध्येच मैदान सोडले. पूर्ण खेळलेले सामने 502. हा अर्धवट सामना धरल्यास 503. त्याच काळातील बाद फेरीचे 49 सामने मिळवले की अनुक्रमे 551 व 552 होतात. कार्यभाराच्या दृष्टीने 502 हा आकडाच ग्राह्य धरणे योग्य, कारण विक्रम पूर्ण सामन्यांचा आहे. हे सारे त्याने मुखवट्याविना केले, हे विशेष.

दोन गोलरक्षक आल्यावरही एकावरच भिस्त ठेवण्याची पद्धत लगेच मोडली नाही. 1995-96 मध्ये सेंट लुइसचा ग्रँट फ्यूर 82 पैकी 79 सामने खेळला. एका हंगामातील हा विक्रम आहे. त्याच वर्षी बाद फेरीत त्याचा गुडघा निकामी झाला. अतिश्रमाचे उदाहरण म्हणून हे सांगितले जाते, पण दुखापत विरोधी खेळाडू अंगावर पडल्याने झाली होती, तेव्हा दाखला कच्चाच. उलट बाजूने न्यू जर्सीच्या मार्टिन ब्रॉडरने बारा हंगामांत 70 किंवा अधिक सामने खेळून दाखवले.

थकव्याचा प्रश्न सांख्यिकीत 2013 च्या सुमारास ऐरणीवर आला. हॉकीच्या आकडेवारीचे अभ्यासक एरिक टल्स्की यांच्या विश्लेषणात लागोपाठच्या दोन रात्री खेळणाऱ्या गोलरक्षकाचे फटके अडवण्याचे प्रमाण दुसऱ्या रात्री लक्षणीय घसरलेले दिसले. त्यावर आक्षेप असा की दुसऱ्या रात्री सगळाच संघ दमलेला असतो आणि गोलरक्षकावर सोपे नव्हे, कठीण फटके येतात. आक्षेपात तथ्य आहे. तरी दुसऱ्या रात्री दुसरा गोलरक्षक, हा आज जवळजवळ सर्वमान्य पायंडा आहे. गुडघे आत वळवून बर्फावर टेकण्याची ‘बटरफ्लाय’ शैली रूढ झाल्यावर खुब्याच्या सांध्यावरील ताण हाही विश्रांतीच्या बाजूचा मुद्दा ठरला. तो ताण सरावातही पडतो, आणि सामन्यांच्या गणतीत सराव येत नाही.

जोडीने खेळवण्याच्या अलीकडच्या पद्धतीला ‘टँडम’ म्हणतात. 2022-23 मध्ये बॉस्टनने लिनस उलमार्क (49 सामने) व जेरेमी स्वेमन (37) यांच्या बळावर 65 विजयांचा विक्रम केला. बाद फेरीत मात्र पहिले सहाही सामने उलमार्कलाच दिले, सातव्यात स्वेमनला उभे केले आणि फ्लोरिडाकडून संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. हंगामभर पाळलेली वाटणी बाद फेरीत का सोडतात, याची कारणे बहुधा प्रशिक्षकाच्या मनातच राहतात.

संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाल्यास यजमान शहरातील आपत्कालीन गोलरक्षक उतरतो. 22 फेब्रुवारी 2020 रोजी 42 वर्षांच्या डेव्हिड आयर्सने टोरांटोत पाहुण्या कॅरोलायनासाठी असा सामना जिंकून दिला. कार्यभार हंगामाच्या लांबीवरही अवलंबून असतो: युरोपातील साखळ्यांचे हंगाम लहान असतात (स्वीडनमध्ये 52 सामने). एनएचएलचा हंगाम 2026-27 पासून 84 सामन्यांचा करण्याचे ठरले आहे.