ओवा : खानदेशातील घरगुती उपचार

ओवा म्हणजे जिरे, धने व बडीशेप यांच्याच एपिएसी कुळातील ट्रॅकिस्पर्मम ॲमी या वर्षायू वनस्पतीची वाळलेली फळे. व्यवहारात त्यांनाच बी म्हणतात. त्यांत साधारणपणे २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते. ओव्याचा झणका व औषधी गुण प्रामुख्याने या तेलातील थायमॉल या जंतुरोधक घटकामुळे येतो.

जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत ओव्याचा उपचार जेवणापासूनच सुरू होतो. वरण-बट्टीसाठी गव्हाचे जाडसर पीठ भिजवताना त्यात हळद, मीठ व तेलाच्या मोहनासोबत ओवा हातावर चुरडून घालतात, कारण उकडून पुन्हा तळलेली बट्टी पोटाला जड पडते. चुरडल्यामुळे तेल मोकळे होते. अख्खा ओवा तसाच टाकला, तर त्याचा निम्मा गुण वाया जातो असे जाणत्या बायका सांगतात, आणि ते रास्त आहे. एवढे करूनही पोट फुगले किंवा मुरडा आला, तर चिमूटभर ओवा पादेलोणाबरोबर चावून वर कोमट पाणी पितात. जंतांवर ओवा गुळातून देण्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीवर डॉक्टरही थायमॉलच देत असत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सर्दीत नाक चोंदले, की तव्यावर भाजलेला ओवा सुती फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी हुंगतात किंवा तिने छाती शेकतात. लहान मुलाला शेकण्यापूर्वी पुरचुंडी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी लागते, कारण तव्यावरचा ओवा बराच वेळ गरम राहतो.

बाळंतिणीला जेवणानंतर भाजलेला ओवा व बाळंतशेपा देतात. निखाऱ्यांवर ओवा टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देण्याची प्रथाही आहे. तिच्यामागील माया खरी असली, तरी धूर नवजात बाळाच्या फुप्फुसांना अपायकारक असल्याने ती सोडून देणेच योग्य होय.

ओवा उष्ण मानला जातो. त्यामुळे पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या चैत्र-वैशाखात अनेक घरांत त्याला आवर घालून जिरे व बडीशेप वापरतात. आम्लपित्त किंवा जठरव्रण असणाऱ्यांनी तो बेतानेच खावा, आणि गरोदर स्त्रियांनी औषध म्हणून मोठ्या प्रमाणात घेऊ नये. पोटदुखीबरोबर ताप, सतत उलट्या किंवा रक्त पडणे असेल, तर ओव्यावर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

अंगणात कुंडीत लावतात तो जाड, लवदार पानांचा पानओवा ही तुळशीच्या कुळातील निराळी वनस्पती असून तिच्या पानांची भजी करतात व पानांचा रस खोकल्यावर मधातून देतात.