सस्पेन्शन लिफ्ट

फोर-बाय-फोर गाडीला लांब स्प्रिंग, स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) किंवा मोठे शॅकल (स्प्रिंगचे टोक धरणारी कडी) बसवून तिची चॅसी (खालचा सांगाडा) कंपनीने ठेवली त्याहून उंच करणे, याला सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. चॅसी जागेवर ठेवून तिच्या आणि बॉडीच्या मधे ठोकळे घातले, तर ती बॉडी लिफ्ट. भारतात जिप्सी, थार आणि जिमनी या गाड्यांवर हे काम नेहमी पाहायला मिळते. दीड-दोन इंचांची लिफ्ट सर्रास केली जाते; चार-पाच इंच उचललेली गाडी मात्र हौसेची असते आणि ती रोजच्या वापराला फारशी उरत नाही.

लिफ्ट केली की ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या सर्वांत खालच्या भागाचे जमिनीपासूनचे अंतर) वाढतो, हा समज अर्धाच खरा आहे. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत, म्हणजे जिची डावी-उजवी चाके एकाच सलग दांड्यावर असतात तिच्यात, सर्वांत खाली असतो तो डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा. तो अ‍ॅक्सलवर आणि अ‍ॅक्सल टायरवर, त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच केली तरी गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून गाडी नेताना हे लगेच कळते: दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा गोळ्याला अडतो आणि लिफ्ट केलेली गाडीही तिथेच रुतते. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा हवा. जिमनीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५, व्यास सुमारे ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ घातला की व्यास ७३३ मिमीच्या आसपास जातो आणि गोळा वर येतो त्याच्या निम्म्याने, म्हणजे २० मिमी. हा टायर वळताना किंवा चाक वर दबताना मडगार्डला घासू नये, एवढी जागा करणे हे लिफ्टचे पहिले काम. (मोठ्या टायरने स्पीडोमीटर मागे पडतो; या उदाहरणात काटा ६० वर असताना गाडी ६३ च्या पुढे असते.)

दुसरा फायदा कोनांचा. २०२० साली आलेल्या आणि नाशिकला तयार होणाऱ्या थारचे कंपनीचे आकडे असे आहेत: ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, अ‍ॅप्रोच अँगल (नाक न टेकता समोरच्या चढावर जाता येईल तो कोन) ४१.८ अंश, रॅम्पओव्हर (पोट न टेकता उंचवटा पार होण्याचा कोन) २७ अंश, डिपार्चर (शेपटी न टेकता उतरण्याचा कोन) ३६.८ अंश, पाण्यातून जाण्याची खोली ६५० मिमी. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २४५० मिमी असल्याने ५० मिमी लिफ्टने रॅम्पओव्हर साधारण चार अंशांनी सुधारतो, म्हणजे टेकाडाच्या माथ्यावर पोट टेकण्याची भीती कमी होते. हा फायदा खरा आहे. मात्र मुळातच एवढे आकडे असलेल्या गाडीला तो किती वेळा लागतो, हे चालवणाऱ्याने स्वतःला विचारावे.

लिफ्टची पद्धत सस्पेन्शनवर ठरते. जिप्सीला पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), तेही अ‍ॅक्सलच्या खालून. पाटे काढून अ‍ॅक्सलच्या वर घेतले की नवे पाटे न घालताही गाडी पाचेक इंच उठते. शौकिनांत याला ‘एसओए’ (स्प्रिंग ओव्हर अ‍ॅक्सल) म्हणतात. दिसायला स्वस्त, करायला अवघड. पाट्यांच्या बैठका अ‍ॅक्सल ट्यूबवर नव्याने वेल्ड कराव्या लागतात आणि त्या अंशभर चुकल्या तरी पिनियनचे, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचे, तोंड चुकीच्या दिशेला जाते. मग इंजिनची ताकद अ‍ॅक्सलकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिरका चालतो, विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यांतले जॉइंट क्रॉस वरचेवर बदलावे लागतात. लो रेंजमध्ये (चढ-चिखलासाठीच्या जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) जोर लावला की मऊ पाटे इंग्रजी एससारखे पिळवटतात. पुढच्या पाट्यांना स्टिअरिंगची दांडी अडते, म्हणून तीही बदलावी लागते.

जिमनीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत काम सोपे वाटते: उंच स्प्रिंग, लांब शॉकअब्सॉर्बर, झाले. पण पुढचा अ‍ॅक्सल ज्या दांड्यांनी चॅसीला धरलेला असतो, त्या दांड्या आता जास्त खाली कलतात आणि अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. त्याने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा कल, कमी होतो. सायकलचा चिमटा पुढे कललेला असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते. गाडीत तेच काम कॅस्टर करतो. तो गेला की हायवेवर स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखे लागते. अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड तिरका झाल्याने अ‍ॅक्सलही एका बाजूला सरकतो. म्हणून कॅस्टर दुरुस्त करणारे बुश, अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड आणि लांब ब्रेक होज हा लिफ्टचाच भाग धरायला हवा. नुसत्या स्प्रिंगा बदलून दिलेले काम अर्धवट होय.

थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. अशा रचनेत डिफरन्शियल चॅसीला जोडलेला असल्याने लिफ्टबरोबर तो खरोखर वर येतो, पण चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात, बॉल जॉइंट ताणले जातात. शॉकच्या डोक्यावर स्पेसर ठेवून केलेली स्वस्त लिफ्ट उंची देते, चाकाची हालचाल वाढवत नाही. २०१० च्या थारच्या काही मॉडेलांना पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) होते. त्यांचे बोल्ट पिळून नाक वर करता येई, फुकटात. मात्र तेवढीच चाकाची खाली जाण्याची मुभा संपत असे.

कंपनीच्या मांडणीचे गुण इथे कळतात. तिची स्प्रिंग चार माणसे, सामान, ब्रेक आणि वळण यांचा हिशेब करून निवडलेली असते. ऑस्ट्रेलियन धर्तीचे लिफ्ट किट बहुधा लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढणारे यंत्र) आणि लांबच्या प्रवासाचे ओझे धरून बनते. रिकाम्या गाडीला ते बसवले तर स्प्रिंग दबतच नाही, आर्टिक्युलेशन (चाकांची वर-खाली होण्याची मोकळीक) घटते आणि क्रॉस-अ‍ॅक्सल खड्ड्यात, म्हणजे तिरकी समोरासमोरची चाके खाली गेल्यावर, चाक मूळ गाडीपेक्षा आधी हवेत जाते. अशा वेळी मागचा डिफ-लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारा लॉकर) असलेली स्टँडर्ड गाडी, टायरची हवा थोडी कमी करून, लिफ्ट केलेल्या पण लॉक नसलेल्या गाडीला सहज मागे टाकते. लिफ्टचा खर्च करण्याआधी चांगले टायर आणि लॉकर पाहावेत, हा क्रम बहुतेकांसाठी बरोबर ठरतो.

उंचीची किंमत उलटण्यात मोजली जाते. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे स्थैर्याचे ढोबळ माप. अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला तर उत्तर १.०७ येते, गुरुत्वमध्य ५० मिमीने वर गेला की १.००. आडव्या उतारावर हा फरक दोनेक अंशांचा असतो. घाटात अचानक स्टिअरिंग फिरवावे लागले तर तोच फरक महागात पडतो.

कायद्याची बाजू आणखी अडचणीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑस्ट्रेलियात किती मिलिमीटरपर्यंत चालेल आणि कुठून पुढे अभियंत्याचा दाखला लागेल, याचे लेखी नियम आहेत. अपघातानंतर विमा कंपनी असा बदल पुढे करून दावा अडवू शकते, त्यामुळे लिफ्ट केलेल्या अनेक गाड्या फक्त ट्रेलवर नेण्यासाठी ठेवल्या जातात.