पोटखराबा ते ब्लू लाइन: पुण्यातल्या ओढ्यांचा काठ नियमांत कसा आला

रामनदीवरच्या एखाद्या छोट्या पुलावर उभं राहिलं की दोन काठ दोन तऱ्हांचे दिसतात. एका बाजूला सोसायटीची सीमाभिंत थेट पाण्यात उतरलेली, तिच्यावर पेव्हर ब्लॉक, दोन बाकं आणि कुंड्यांतले पाम. समोरच्या बाजूला अजून कुणाची नजर न गेलेला वीसेक पावलांचा पट्टा: पाण्यावर वाकलेला वाळुंज, त्याच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, पाणकणीस, करंजाची रोपं आणि पुराने खालून कोरलेली पण न ढासळलेली माती. त्या मातीत हाताच्या उंचीवर एक गोल भोक आहे. ते खंड्याचं घरटं. खंड्या भिंतीत घर करत नाही, त्याला मातीची उभी दरड लागते.

दोन्ही काठांना नियम एकच आहे. भिंतीच्या बाजूची इमारत नियमाप्रमाणे मागे सरकलेली आहे, कागदात खोट काढायला जागा नाही. तरी काठ गेला. हे कसं होतं ते समजायचं तर पुण्यात काठाबद्दलचे नियम कुठून कुठून आले ते पाहावं लागतं. ते एका ठिकाणाहून आलेले नाहीत. महसूल खात्याने काही केले, पाटबंधारे खात्याने काही, नगररचनेने काही. यातल्या प्रत्येकाने काठाकडे पाहिलं ते आपापल्या कामापुरतं.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली ती शेतसाऱ्यासाठी. ज्या तुकड्यात पीक येत नाही, त्यावर सारा नाही. तो तुकडा पोटखराबा. ओढ्याचा काठ, खडक, घळ, सगळं त्याच रकान्यात. पुढे पोटखराब्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे वर्ग झाले. मालकाला लागवडीखाली आणता येईल तो ‘अ’. रस्ता, पाणवठा, लोकांच्या वापराचा ओढा, स्मशान असा सार्वजनिक कामाचा तो ‘ब’. नद्या, ओढे, नाले, तळी सरकारच्या मालकीची, हे 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेत होतं आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 मध्येही आहे. म्हणजे पाणी सरकारचं झालं, पात्राची जमीन सरकारची झाली. काठ मात्र बहुतेक ठिकाणी खासगी गटात राहिला, आणि त्यावरची झाडी ‘खराबा’ ठरली. शब्दच बघा. शंभरेक वर्षं आपण ज्या तुकड्याला सरकारी कागदात खराब म्हटलं, तो शहरात आल्यावर एकदम मौल्यवान वाटेल, अशी अपेक्षा करायला फार भाबडेपणा लागतो.

ओढा हलवण्याची सवय मात्र इंग्रजांच्याही आधीची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात, शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा तेव्हा आजच्या मध्यवस्तीतून मुठा नदीकडे जात होता. त्याला पर्वतीच्या पायथ्याशी वळवलं, तिथे तळं केलं. आज ज्याला आपण सारसबाग म्हणतो ते त्या तळ्याचं पात्र. ही कामं अक्कलहुशारीची होती, पाण्याची गरज खरी होती. पण ओढा म्हणजे माणसाच्या सोयीने वळवता येणारी रेघ, हा समज या शहराला तेव्हापासूनचा आहे.

पुणे महापालिका 1950 ची. शहराची विकास योजना 1966 साली आली, दुसरी 1987 ला, तिसरी जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाली. या नकाशांवर नदीकडेने हिरवा रंग भरलेला असतो, त्याला हरितपट्टा म्हणतात. त्या हिरव्या रंगाला काय अभिप्रेत आहे, हे मात्र पुणेकरांनी आपापल्या परीने ठरवलं. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या डीपी रस्त्यावर लग्नसराईत एकदा चालून या. मंगल कार्यालयांची लॉन्स एकामागून एक. लॉन हिरवंच असतं, बांधकाम कमीच असतं, आणि नदी मागच्या पत्र्याच्या कुंपणापलीकडे असते. नकाशावरचा रंग शाबूत राहिला, झाडी राहिली नाही.

पुराच्या रेषांची गोष्ट निराळी आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. घरं गेलेल्या लोकांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आमच्या आधीची पिढी अजूनही गोष्टी ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशा सांगते. इतकं होऊनही पूररेषा आखण्याचं राज्याचं परिपत्रक निघालं ते 1989 साली, पाटबंधारे खात्याचं. त्यातून दोन रेषा आल्या. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाण्याची, यांत जी जास्त असेल ती. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळीपासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. पुण्यातल्या मुठेसाठी बोलायच्या भाषेत हिशेब असा धरला जातो: निळी रेषा 60 हजार क्युसेकची (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी), लाल एक लाखाची.

माझ्या मते पुण्यातल्या काठाच्या वादाची मेख इथे आहे. या रेषा जलअभियंत्यांनी आखल्या, जीव आणि मालमत्ता वाचवायला आखल्या, आणि त्या कामासाठी त्या रास्तच आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच: पाणी कुठवर चढेल? काठावर काय उगवलेलं आहे, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. विसर्ग, पात्राचा छेद आणि उतार घालून जी रेघ निघते तिला करंज आणि काँक्रीट सारखंच. उलट झाडी पाण्याला अडथळा करते, म्हणून गणितात ती जरा वाईटच. आणि गणितातली रेघ हलते. काठाला भराव घातला, भिंत उचलली, की तेवढ्या ठिकाणी पाणी भिंतीच्या आत राहतं आणि रेघ नदीकडे सरकते. वाळुंजाला असं सरकता येत नाही.

नगररचनेने या रेषा आपल्या नियमावलीत घेतल्या. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत, जिला वास्तुविशारद आणि बिल्डर नुसतं ‘युडीसीपीआर’ म्हणतात, दोन तरतुदी काठाशी थेट संबंधित आहेत. एक अंतराची: नाला, कालवा अशा लहान प्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासून 9 मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून 15 मीटरच्या आत बांधकाम नाही. त्यातच एक पुरवणी आहे. सखल जागेतून, नीट काठ नसलेला लहान प्रवाह जात असेल, तर महापालिका ठरवून देईल त्या रेषेत आणि मापात तो बांधून घेता येतो. आता काठ ‘नीट’ नसणं म्हणजे काय? जिथे ओढा पसरतो, लव्हाळा माजतो, पावसाळ्यात बेडूक ओरडतात आणि उन्हाळ्यात नुसती ओल राहते, ती जागा. ओढ्याचा सगळ्यात जिवंत भाग हाच, आणि पाइपात घालायला नियमाने मोकळा तोच.

दुसरी तरतूद निळ्या रेषेच्या आत काय चालेल त्याची. बांधकाम नाही, पण पार्किंग, उघडी भाजी मंडई, बाग, हिरवळ, मोकळी जागा, स्मशान आणि दफनभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, पाण्याच्या, गॅसच्या, ड्रेनेजच्या वाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह, हे चालतं. निळ्या-लाल रेषांच्या मध्ये लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच जोतं घेऊन इमारतही चालते. यादी पुन्हा वाचा. पुराचं पाणी वरून गेलं तरी फार नुकसान न होणाऱ्या गोष्टी, असा तिचा तर्क आहे आणि तो चुकीचा नाही. पण पार्किंग करायचं तर आधी जमीन साफ करावी लागते. नियम पाळण्यासाठीच काठ साफ होतो.

झाडांचा कायदा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला वृक्षसंवर्धन कायदा 1975 चा, 2021 मध्ये त्यात 50 वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा आला. वृक्ष प्राधिकरण, नोटीस, हरकती, सगळी व्यवस्था आहे. फक्त तो कायदा झाडं मोजतो, एकेक. गवत, पाणकणीस, लव्हाळा म्हणजे झाड नव्हे. ओढ्याकाठची झाडी ही मोजायची वस्तू नसून एकमेकांत गुंतलेलं दाटण आहे. खालचं गवत गाळ अडवतं, मधलं झुडूप पाण्याचा वेग तोडतं, वरच्या जांभळाची आणि उंबराची मुळं दरड धरून ठेवतात. त्यातून पाच झाडं वाचवून बाकी साफ केलं, तर कागदावर वृक्षतोड शून्य.

तळ्यांसाठी पाणथळ जागांचे केंद्रीय नियम आहेत, 2010 चे आणि नंतर सुधारून 2017 चे. पुण्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळलेले आहेत, नदीचं पात्रही वगळलेलं आहे. आपल्याकडची तळी तर जवळपास सगळी बांधलेलीच. राज्याचं नदी नियमन क्षेत्राचं धोरण 2000 साली आलं होतं, ते मुख्यतः कारखाने नदीपासून किती लांब असावेत यासाठी. 2015 मध्ये तेही रद्द झालं.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण, कारण वर्षाचा योगायोग गमतीचा आहे. 1966 सालीच, म्हणजे आपला प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने जलसंपत्ती कायदा केला आणि तळी-नद्यांच्या काठासाठी नियम करणं तिथल्या काउंट्यांना, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा पातळीवर, बंधनकारक केलं. तिथे इमारत पाण्यापासून 75 फूट मागे. शिवाय काठापासून 35 फुटांच्या पट्ट्यातली झाडी काढायची नाही. घरातून पाणी दिसावं म्हणून ठरलेल्या रुंदीची मोकळी वाट तेवढी ठेवता येते. 35 फूट म्हणजे साडेदहा मीटर. आपल्या नाल्याच्या 9 मीटरपेक्षा थोडंसंच जास्त. फरक अंतराचा नाही. त्यांच्या नियमात ‘झाडी’ हा शब्द आहे.

आपल्याकडे हा शब्द नियमाऐवजी न्यायाधिकरणात आणि रस्त्यावर ऐकू आला. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत मुठेच्या पात्रात रस्ता होत होता. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो निळ्या रेषेबाहेर सरकवायला, नाहीतर खांबांवर घ्यायला सांगितलं. मेट्रोच्या पात्रातल्या 1.7 किलोमीटरच्या टप्प्याचा वादही न्यायाधिकरणात गेला, पण तो टप्पा शेवटी झाला. मग 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आली. आंबिल ओढा कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत घुसला, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून गेलेली माणसंही त्यातच. पानशेतच्या पूरग्रस्तांसाठी वसवलेलं सहकारनगर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि अरण्येश्वर म्हणजे अरण्याचा देव. पुढे ओढ्याची उपाययोजना म्हणून जी कामं निघाली त्यांत मुख्यतः संरक्षक भिंती आणि कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालच्या मोऱ्या, होत्या.

नदीकाठ सुधार प्रकल्प हा या सगळ्याचा सध्याचा टप्पा. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटर, खर्च सुमारे 4,700 कोटी. एप्रिल 2023 मध्ये त्यासाठीच्या वृक्षतोडीविरुद्ध पुणेकर ‘चिपको’ म्हणत रस्त्यावर उतरले, तेव्हा झाडं कुठली हा वाद झाला. काढायच्या झाडांत परदेशी सुबाभूळच जास्त, असा महापालिकेचा मुद्दा. जुनी देशी झाडं आणि काठाचं एकूण झाडोरं धोक्यात आहे, असा विरोधकांचा. दोन्ही बाजू झाडं मोजत राहिल्या, कारण कायदा मोजायलाच सांगतो.

जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. निळ्या रेषेच्या 60 हजारांच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी होतं ते. तेव्हापासून रेषा पुन्हा आखण्याची चर्चा आहे.

सध्या बांधकाम परवानगीच्या नकाशावर ओढ्याकडेचा 9 मीटरचा पट्टा तिरप्या रेघांनी दाखवलेला असतो. त्या रेघांच्या आत एकच शब्द लिहिलेला सापडतो: ‘लॅण्डस्केप’. तिथे आज काय उगवलंय, त्यासाठी नकाशात रकाना नाही.