कलर वाढले म्हणजे काय वाढले?

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा वर्षाचा हिशेब निघाला की सोलापुरात पहिली चौकशी पदकांची होते. दुसरी, जरा हळू आवाजात, ‘यंदा कलर किती?’ अशी, म्हणजे विद्यापीठाच्या संघात किती जण निवडले गेले. या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मधल्या काळात बदलला आहे, आणि आजचे आकडे जुन्या आकड्यांशेजारी ठेवले की वाद होतो तो त्यामुळेच.

फार मागे जायला नको. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये निघाले ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. पुढे शहरातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे गेली. १९४८ मध्ये दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध संयुक्त विद्यापीठांकडून शतक झळकावणारा आणि पुढे भारताचा कर्णधार झालेला क्रिकेटपटू पॉली उम्रीगर जन्माने सोलापूरचा, पण घडला मुंबईत. तेव्हाची सोलापूरची गोष्ट एवढीच.

खरा मुद्दा कोल्हापूरच्या काळातला. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या संघात निवड झाली की खेळाडू ‘कलर होल्डर’ होतो आणि त्याला कलर कोट मिळतो. शब्द आला इंग्रजी महाविद्यालयांच्या रिवाजातून, पण आपल्याकडे तो रुजला तो असा की गावाकडच्या घरातही तो कोट खुंटीला मानाने टांगलेला असे. कलर म्हणजे पदक नव्हे. स्पर्धेत पहिल्याच फेरीत संघ हरला तरी कलर राहतो. बाहेरच्याला हे पटकन कळत नाही, आणि अहवाल वाचताना गोंधळ उडतो तो इथे.

कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतून एकच संघ निघायचा. वेळापूरची खो-खोची पोरे चपळ खरी, पण समोर सांगलीची मुले. कुस्तीत तर एका वजनगटाला एकच जागा, आणि तालीम म्हटले की कोल्हापूरच. निवड चाचणीला करमाळ्याहून रात्रीची एसटी पकडून जायचे, चाचणीत कमी पडलो तर तसेच परत. त्या काळी मिळालेला कलर अनेकांना पदकाहून कमी वाटला नाही, आणि मला तो दावा अवास्तव वाटत नाही.

१ ऑगस्ट २००४ ला सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. अकरा तालुके, एकच जिल्हा. आता केगावला, विद्यापीठाच्या आवारातच चाचणी होते, आणि सोलापूरच्या मुलांना मिळणारे कलर अर्थातच वाढले. जुने खेळाडू म्हणतात, कलर स्वस्त झाला. त्यांचे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे असे की मंगळवेढ्याच्या मुलीला पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायला मिळाले ते या निर्णयामुळेच. चार जिल्ह्यांच्या रांगेत ती चाचणीपर्यंतही पोहोचली नसती. शिवाय तिथे समोर पुणे, मुंबई, कोल्हापूर असे मोठे संघ उभे असतात आणि विभागातले पहिले चारच अखिल भारतीय फेरीला जातात. त्या यादीत एका जिल्ह्याने नाव लावले तर ते कुठल्याही फुटपट्टीने मोठेच. म्हणून २००४ च्या आधीचे आणि नंतरचे कलर एकाच तक्त्यात मांडू नयेत, एवढे तरी व्हावे.

२०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आल्या आणि अहवालात आणखी एक रकाना वाढला. पहिली स्पर्धा भुवनेश्वरला झाली.

अभ्यासाची बाजू नेहमी तळटीपेत जाते. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आणि सत्र परीक्षा हिवाळ्यात एकमेकींवर आदळतात. सराव शिबिर, प्रवास, सामने यांत हजेरीची ७५ टक्क्यांची अट मोडते, मग प्राचार्यांच्या सहीचे पत्र, विभागप्रमुखांची मिनतवारी. एटीकेटी लागलेला, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेला सुवर्णपदक विजेता हा काही दुर्मीळ प्राणी नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने खेळ सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये आणला; संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला हे २०२४-२५ पासून लागू झाले. पण सत्राचे क्रेडिट दोनच, आणि योगासने करणाऱ्यालाही तेवढेच. कलर होल्डर मुलीच्या गुणपत्रिकेवर तिचा कोट कुठे दिसत नाही.