बेरीज आणि सिनर्जी: आकडीच्या औषधांच्या जोड्या

आकडीची दोन औषधं उंदरांना एकत्र दिली, एकेकट्या औषधापेक्षा जास्त उंदीर वाचले, की वहीत लगेच 'सिनर्जी', म्हणजे बेरजेपेक्षा जास्त परिणाम, असं लिहिलं जातं. पुष्कळदा ती नुसती बेरीज असते.

विजेच्या झटक्याची नेहमीची चाचणी अशी: औषध दिलेल्या उंदराच्या डोळ्यांना इलेक्ट्रोड टेकवून ०.२ सेकंद ५० मिलिअँपिअरचा करंट देतात. मागचे पाय ताठ ताणले गेले तर औषध हरलं. नाही ताणले, तर उंदीर 'वाचला'. ज्या डोसला निम्मे उंदीर वाचतात, तो ईडी-५०.

आता एक गंमत करू. एकच औषध दोन बाटल्यांत भरा, लेबलं वेगळी लावा. समजा त्याचा ईडी-५० किलोमागे १० मि.ग्रॅ. आहे. पहिल्या बाटलीतलं ५ मि.ग्रॅ. दिलं, दहातला एक वाचला. दुसरीतलं ५ दिलं, तरी एकच. दोन्ही मिळून दिलं, तर पाच! पण औषध स्वतःशीच कसली सिनर्जी करणार? डोस दुप्पट केला म्हणून परिणामही बरोबर दुप्पट होतो असं नाही, सगळा घोळ तिथे आहे. म्हणून बेरीज वाचलेल्या उंदरांची नाही, डोसांची करायची.

समजा एका औषधाचा ईडी-५० १० आणि दुसऱ्याचा २००. दोन्ही निम्मे, म्हणजे ५ आणि १००, देऊन निम्मे उंदीर वाचले तर ती बेरीज. ३ आणि ६० मध्येच भागलं तर सिनर्जी. ७ आणि १४० लागले तर दोघं एकमेकांच्या आड येतात. आयसोबोलोग्राम नावाचा आलेख हेच दाखवतो: दोन ईडी-५० जोडणारी तिरपी रेघ, आणि जोडीला लागलेल्या डोसांचा बिंदू. तो रेघेवरच पडला तर बेरीज, रेघेच्या खाली पडला तर सिनर्जी.

बिंदू खाली पडला तरी हुरळून जायचं नाही. माणसांत व्हॅल्प्रोएट हे लॅमोट्रिजिनचा यकृतातला निचरा मंदावतं. रक्तातली पातळी चढते आणि तेवढाच डोस जास्त काम करतो. ही मेंदूतली जुगलबंदी नव्हे, नुसतं साठलेलं औषध. तेव्हा जोडी दिलेल्या उंदरांच्या मेंदूतली औषधाची पातळी मोजायलाच हवी.

शिवाय तेच उंदीर फिरत्या दांडीवर ठेवून बघावेत. ३ आणि ६० वरच ते टपाटप खाली पडत असतील, तर दुष्परिणामांचीही सिनर्जी झाली. मग डोस कमी करून पदरात काय पडलं?