इथिओपियातील स्थिर भांडवल गुंतवणूक

धरणे, रस्ते, रेल्वे, कारखान्यांच्या इमारती, यंत्रसामग्री अशा दीर्घकाळ उपयोगी पडणाऱ्या मालमत्तेवर वर्षभरात होणारा खर्च, घसारा वजा न करता मोजला, की स्थूल स्थिर भांडवल निर्मिती मिळते. इथिओपियात हा खर्च 2015 च्या सुमारास देशांतर्गत उत्पादनाच्या 40 टक्क्यांपर्यंत गेला होता. 2023 पर्यंत तो 22 टक्क्यांच्या आसपास उतरला.

चढतीच्या काळात पुढाकार सरकारचा होता. 2010 मध्ये सुरू झालेल्या पंचवार्षिक योजनेने वीज, साखर, रेल्वे आणि रस्ते यांवर भर दिला. त्यासाठी पैसा कसा उभा केला, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. एप्रिल 2011 पासून खासगी बँकांवर सक्ती आली: 100 बिर्रचे (बिर्र हे इथिओपियाचे चलन) नवे कर्ज दिले, की 27 बिर्रचे सरकारी रोखे घ्यायचे. या रोख्यांवर व्याज मिळे 3 टक्के, तर ठेवीदारांना किमान 5 टक्के द्यावे लागत. त्यामुळे सरकारी प्रकल्पांना स्वस्त पैसा मिळाला आणि खासगी उद्योजकांच्या वाट्याचे कर्ज आटले. ही सक्ती 2019 मध्ये उठली.

नाईलवरील महाधरणाचे काम एप्रिल 2011 मध्येच सुरू झाले. इजिप्तच्या विरोधामुळे आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था दूर राहिल्या. मग सरकारी नोकरांनी पगारातून हप्ते कापून दिले, परदेशातील इथिओपियन लोकांनी रोखे घेतले. लोकांच्या बचतीतून एवढे मोठे काम उभे राहणे ही असामान्य गोष्ट आहे.

अदिस अबाबा–जिबूती रेल्वेची कथा वेगळी. सुमारे 750 किलोमीटरचा हा विद्युतीकृत मार्ग मुख्यतः चिनी कर्जावर बांधला गेला आणि 2016 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. कर्जाची फेड डॉलरमध्ये, पण निर्यात मात्र प्रामुख्याने कॉफी, फुले आणि तेलबियांची. घसरणीचे मूळ या विसंगतीत आहे. परकीय चलनाअभावी यंत्रे आणि सुटे भाग आणणे अवघड झाले. 2018 मध्ये रेल्वेकर्जाची मुदत वाढवून घ्यावी लागली. त्यानंतर 2020 ते 2022 या काळात देशाच्या उत्तरेकडील टिग्राय प्रदेशात युद्ध झाले. अमेरिकेतील शुल्कमुक्त प्रवेश जानेवारी 2022 पासून बंद झाल्याने हवासा येथील कापड उद्योगालाही फटका बसला. डिसेंबर 2023 मध्ये देशाने डॉलर-रोख्यांवरील व्याजाचा हप्ता चुकवला.

जुलै 2024 मध्ये बिर्रचा विनिमय दर बाजारावर सोपवण्यात आला. दूरसंचार क्षेत्र परदेशी कंपनीला त्याआधीच, 2021 मध्ये, खुले झाले होते. तरीही केवळ खासगी गुंतवणुकीने ही पोकळी भरेल असे मानणे घाईचे ठरेल. महाधरणाचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले, त्याची क्षमता 5,150 मेगावॉट आहे. केनियापर्यंत 1,000 किलोमीटरहून लांब वीजवाहिनीही झाली आहे. देशातील असंख्य खेड्यांपर्यंत मात्र तारा अजून पोहोचलेल्या नाहीत, आणि गुंतवणुकीची खरी निकड आता तिथे आहे.